हाकाऱ्याविना

सलामातच्या वाटेवर, बहरचं पाणी आटायच्या आधी,
हसबल्लानं गोऱ्ह्याच्या नाकात वेसण ओवली.
माझा हसबल्ला बारा वर्षांचा. ऐकू येत नाही त्याला,
मग बोलणंही आलंच नाही मागून.
गोऱ्ह्याचं नाव अझरग, म्हणजे निळा.
आमच्यात काळ्या जनावराला निळंच म्हणतात,
का ते मलाही कुणी सांगितलं नाही.

थोडं रक्त आलं. मी लोणी चोळलं.
पोरगा शेजारी उकिडवा बसून होता
स्वतःचं नाक चिमटीत धरून.

पहिले आठ दिवस नुसती वाळूची पोती,
पाठीवरून दोन्हीकडे लोंबणारी.
अझरग उधळला, बाभळीला अंग घासत सुटला,
एक पोतं फाटलं,
आणि वाळूची बारीक रेघ गेली तळ्यापर्यंत.
त्या रेघेवरूनच शोधला त्याला.
नवव्या दिवशी पोत्याच्या जागी पोरगा.

बैलावर कधी बसला नसाल तर सांगते:
त्याची कातडी सैल असते.
आपण एकीकडे जातो, कातडी दुसरीकडे,
बैल तिसरीकडे.
वशिंडाच्या मागे बसायचं, गुडघे वर घेऊन.
पडायचंच झालं तर डावीकडे पडायचं,
अझरगचं उजवं शिंग खाली वळलेलं आहे.

आम्ही सगळे ओरडून शिकवतो.
माझा नवरा दूद तर एवढा ओरडतो
की पहाटे तो नुसता खोकला
तरी त्याचे बैल उठून उभे राहतात.
चालायला एक आवाज, थांबायला एक,
वळायला शिवी.

हसबल्लाकडे यातलं काही नव्हतं.
टाच होती. मांडी होती.
वशिंडावर दोन बोटं टेकवली की थांब.
कानामागे खाजवलं की, मला वाटतं, शाबास.
नक्की माहीत नाही.
ते त्या दोघांतलं.

दोन वर्षांनी तो बैल माझं घर वाहू लागला:
चटया, वाकवलेल्या काठ्या, तांब्याचं पातेलं,
उलट्या टांगलेल्या दोन कोंबड्या
आणि सगळ्यांवर धाकटी, झोपलेली.
एकही वस्तू पडली नाही.
म्हणूनच तो हमदानच्या नजरेत भरला.
दूदनं विकला. चांगला भाव आला,
धाकटीचा ताप होता, बाजरी संपत आली होती.
हसबल्लाला कसं सांगायचं यावर आम्ही रात्रभर भांडलो,
आणि सकाळी त्यानं रिकामं दावं पाहिलं.

हमदानच्या लेकीचं लग्न.
अझरगवर कवड्यांची झूल, गळ्यात घंटा,
वर नवरी, कापडाखाली झाकलेली.
ढोल, बायकांच्या आरोळ्या,
आणि हमदान ओरडतोय, त्याचे भाऊ ओरडताहेत,
कुणी शेपूट पिळतंय.
बैल उभा. रवंथ करत.
म्हाताऱ्या म्हणू लागल्या, लक्षण ठीक नाही.

दुपारी घोडेस्वार आला पोराला न्यायला.
मीही गेले मागे बसून.

बैलानं त्याला लांबूनच ओळखलं,
मान खाली घातली.
पण नवरीच्या मागे परका पोरगा कसा बसवणार?
हसबल्ला तिच्या समोर उभा राहिला
आणि स्वतःच्या दंडावर दाखवू लागला:
इथे टाच. एवढीच. जास्त नाही.
मग मांडी. मग दोन बोटं.
कापड जरासं बाजूला झालं, एक डोळा दिसला.
तिनं बघून घेतलं.

ढोल वाजतच होते. आरोळ्याही.
त्या गोंगाटात तिची टाच हलली असावी,
कारण अझरग निघाला,
पाण्यावरून चालल्यासारखा.
हमदान म्हणाला, माझ्या आवाजाला शेवटी भ्याला.

परतताना पोरगा घोड्यावर बसेना.
चालत आला, मीही चालले.
रात्री शेकोटीशी त्याच्याजवळ बसले,
काय करावं सुचेना,
म्हणून हळूच त्याच्या कानामागे खाजवलं.
तो माझ्याकडे बघत राहिला बराच वेळ.
मग माझा हात उचलून
दुसऱ्या कानामागे ठेवला.